अकरा नंबरची लाइन

दिदुबे स्टेशनखालच्या भुयारी वाटेत
किल्ल्या बनवणाऱ्याला लागून माझं दुकान.
लामारा आली लॅपटॉप शालीत गुंडाळून,
ताप आलेल्या पोराला आणावं तसा.
म्हणाली, नोटरीकडे टाइप करते मी.
मधेच बोटांखालचं सगळं गोठतं.
बाण जागच्या जागी, अक्षर उमटत नाही,
कोपऱ्यातलं घड्याळ मात्र चालू.
काल एका बाईचं मृत्युपत्र
'आणि माझं घर मी' इथवर येऊन थांबलं.
बाई समोरच बसलेली. तिला वाटलं,
मशीन विचार करतंय.

मी आधी तेच केलं जे सगळे करतात:
बंद करून चालू.
मग ड्रायव्हर काढले, घातले.
केबल उपसली, खोडरबरानं टोकं पुसली, बसवली.
बॅटरी काढून चहा होईस्तोवर थांबलो.
चाललं. पावणेदोन तास चाललं.
मी बिलाचा आकडा मनात धरला
आणि बाण थिजला.

तेव्हा उघडली यंत्राची नोंदवही.
शेकडो ओळींच्या चिखलात तीन ओळी:
अकरा नंबरवर हाक आली.
कुणीच दखल घेतली नाही.
अकरा नंबर बंद करत आहे.

इतकं कोरडं मी फक्त
सरकारी पत्रात वाचलंय.

लामाराला सांगितलं, हे बघ,
प्रोसेसर आपल्या कामात गढलेला.
ज्याला काही हवं त्यानं त्याचा खांदा हलवायचा,
आपापल्या लाइनवरून.
पण लाइनी थोड्या, बिऱ्हाडं फार.
अकरावर तिघं:
कीबोर्ड-माउस ज्यावर चालतात ते यूएसबी,
वायफाय,
आणि कडेची ती कार्डाची फट.
लाइन वाजली की दारोदार विचारायचं,
तू का? तू का? मग तू?
सगळे नाही म्हणतात, आणि ती वाजतेच.
लाखातल्या नव्व्याण्णव हजार नऊशे हाका
बेवारस निघाल्या की लाइनच कापतात.
सुक्याबरोबर ओलंही.

लामारा हसली. अरे, हा तर आमचा जोडफोन!
ग्लदानीत दोन घरांना एकच तार होती,
शेजाऱ्यानं रिसीव्हर उचलला की आपला मेला.

होता. आमच्याकडेही होता.
आमच्या तारेवर खालच्या मजल्यावरचा इपोलिते.
एका हिवाळ्यात आमचा फोन चार दिवस मुका.
आई म्हणाली, म्हाताऱ्यानं रिसीव्हर नीट ठेवला नसेल.
वडील एक्स्चेंजमध्ये जाऊन भांडून आले.
त्यांनी त्याची जोडणी तोडली,
आमचा फोन लगेच वाजू लागला,
मावशीचा होता, बातुमीहून.
मी बारा वर्षांचा.
खालचा मजला म्हणजे सतरा पायऱ्या.

पुढचं लामाराला सांगितलं नाही.
चिमटा घेतला, फटीत घातला.
आत नखाएवढा निळा तुकडा,
कधीतरी तुटलेल्या कार्डाचा,
दोन पिनांना एकत्र दाबून धरलेला.
फट उगाच ओरडत नव्हती.
तिला खरंच वाटत होतं,
कुणीतरी आलंय.

तुकडा निघाला, पिना वाकलेल्याच राहिल्या,
म्हणून बायोसमध्ये जाऊन फट बंद केली.
ती बंद करायचं बटण दाबताना
थोडा वेळ लागला. सांगण्यासारखं कारण नाही.
संध्याकाळपर्यंत वाजवून पाहिलं:
अकरा शांत, बाण पाण्यासारखा.

लामारानं तिथंच उभ्यानं फाइल उघडली,
'आणि माझं घर मी' च्या पुढे
वहीत बघून चार शब्द टाइप केले.
घर कुणाला गेलं, मी वाचलं नाही.

वीस लारी घेतले.
जाताना तिनं तो निळा तुकडा मागितला.
त्यात आता काही नाही, म्हटलं.
ठाऊक आहे, म्हणाली,
आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला.